विश्लेषण : कैदी तुरुंगातून सुटला, हे कोणाला कळते आणि कोणाला कळत नाही?

गुंडाच्या सुटकेचा दिवस त्याच्या साथीदारांना ठाऊक असतो. त्याच्याविरुद्ध साक्ष दिलेल्या माणसाला मात्र तो चौकात समोर दिसल्यावरच कळते. सुटलेल्या कैद्यांची माहिती पोलिसांपर्यंत तातडीने पोहोचावी यासाठी देशभर संगणकीय जाळे उभे राहत आहे. ही माहिती कोणत्या वाटेने जाते, कुठे अडते, तिचा वापर पोलीस किती करू शकतात आणि चुकीच्या नोंदीची किंमत कोण मोजतो, याचा सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात आढावा.

हा प्रश्न चर्चेत का?

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी गजानन ऊर्फ गजा मारणे नवी मुंबईतील तळोजा कारागृहातून बाहेर पडला. खुनाच्या दोन खटल्यांत न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली होती. तळोज्यापासून पुण्यापर्यंत द्रुतगती मार्गावरून समर्थकांच्या गाड्यांचा ताफा निघाला आणि त्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरल्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी त्यानंतर गुन्हे दाखल केले. पोलिसांना हवा असलेला मारणे अखेर मार्चमध्ये सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यातील मेढा येथे सातारा पोलिसांच्या हाती लागला आणि एमपीडीए कायद्याखाली त्याला स्थानबद्ध करण्यात आले.

चार वर्षांनी, २०२५ मध्ये, कोथरूडमधील मारहाणीच्या गुन्ह्यात मोक्का लागल्यानंतर त्याला येरवड्याहून सांगली कारागृहात हलवण्यात आले. या प्रवासात पुणे-सातारा मार्गावरील एका ढाब्यावर पोलिसांचे वाहन थांबले आणि तेथे साथीदार त्याला भेटले, असा आरोप झाला. सहायक पोलीस निरीक्षकासह बंदोबस्तावरील पोलीस निलंबित झाले.

कैदी कधी, कुठून, कुठे जाणार ही माहिती टोळीला वेळेत मिळते, असाच या दोन्ही घटनांचा अर्थ काढला गेला. पण पहिल्या घटनेला आणखी एक बाजू आहे. मारणे त्या वेळी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष सुटलेला माणूस होता. ‘सुटलेल्यांची माहिती पोलिसांना द्या’ ही मागणी सोपी वाटते. पुढचा प्रश्न अवघड आहे. ती माहिती मिळाल्यावर पोलिसांनी नेमके काय करायचे?

‘सुटका’ म्हणजे नेमके काय?

बोलण्यात सगळ्यांनाच ‘सुटला’ म्हणतात. कायद्यात मात्र या शब्दाचे किमान पाच अर्थ होतात. जामिनावर सुटलेल्याचा खटला चालू असतो, त्याचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. निर्दोष मुक्तता झालेल्याचा त्या गुन्ह्याशी कायदेशीर संबंध संपतो, अपील झाले तरच तो पुन्हा जोडला जातो. शिक्षा पूर्ण केलेला कैदी आपले देणे चुकवून बाहेर येतो. चौथा प्रकार, सरकारने शिक्षेत सूट देऊन केलेली मुदतपूर्व सुटका. पाचवा, संचित रजा (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) बाहेर आलेला कैदी. तो बाहेर दिसत असला तरी कैदीच असतो.

पोलिसांचे अधिकार या पाचही प्रकारांत वेगवेगळे आहेत. त्यामुळे ‘अमुक सुटला’ एवढी माहिती अपुरी ठरते. ‘कशामुळे सुटला आणि कोणत्या अटींवर’ हे सोबत आले नाही, तर निर्दोष सुटलेला आणि रजेवरून पळालेला असे दोघेही ठाण्याच्या नोंदीत एकाच रांगेत बसतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांपैकी तीन, कच्चे कैदी होते. सुटणाऱ्यांत मोठा भरणा जामीन मिळालेल्यांचाच असणार, हे यावरून दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेपेचे वा फाशीचे गुन्हे आणि एकापेक्षा अधिक गुन्हे प्रलंबित असलेले आरोपी यांना तिचा लाभ मिळत नाही.

माहिती कोणत्या वाटेने जाते?

समजा, गुन्हा कराडच्या पोलीस ठाण्यात नोंदला गेला. आरोपी कच्चा कैदी म्हणून सातारा जिल्हा कारागृहात राहिला. मोठी शिक्षा लागल्यावर त्याला कोल्हापूरच्या कळंबा किंवा पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात पाठवले गेले. त्याचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील विट्याजवळ आहे आणि फिर्यादीही त्याच गावात राहते. त्याच्या सुटकेची नोंद होईल कोल्हापुरात किंवा पुण्यात. मूळ कागदपत्रे असतील कराडला. माहितीची खरी गरज असेल विट्याला.

जिल्हा कारागृहांत मुख्यतः कच्चे कैदी आणि मध्यवर्ती कारागृहांत मोठ्या शिक्षेचे कैदी अशी विभागणी असल्याने, सातारा-सांगलीच्या गंभीर गुन्ह्यांतील अनेक सुटका जिल्ह्याबाहेर होतात. पूर्वी हे अंतर पत्र, बिनतारी संदेश आणि दूरध्वनीने कापले जायचे. गावात कोण आले, कोण गेले याची खबर ठाण्याला देणारा पोलीस पाटील हा या साखळीतला शेवटचा दुवा. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार तो आजही आहे आणि अनेक गावांत संगणकाआधी त्यालाच कळते.

आता हे काम तीन प्रणालींवर सोपवले आहे. पोलीस ठाण्यांना जोडणारी ‘सीसीटीएनएस’, तुरुंगांची ‘ई-प्रिझन्स’ आणि न्यायालयांची ‘ई-कोर्ट्स’. न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी अभियोक्ता यांच्यासह या सगळ्यांना एकत्र बांधणारे जाळे म्हणजे ‘आयसीजेएस’, अर्थात आंतर-परिचालनीय गुन्हेगारी न्याय प्रणाली. तिच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजुरी दिली. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ३,३७५ कोटी रुपयांची तरतूद झाली. माहिती एकदाच भरायची आणि सगळ्यांनी वापरायची, हे तिचे सूत्र.

सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनी या वाटेवर वेळेची बंधने घातली. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांना ई-मेलने जावा, जामीन मंजूर झाल्याची तारीख ई-प्रिझन्समध्ये भरावी आणि सात दिवसांत सुटका झाली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असे हे निर्देश आहेत. जामीन मिळूनही जामीनदाराअभावी आत राहणाऱ्या गरीब कैद्यांसाठी ते दिले गेले. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. सुटकेची नोंद वेळेवर होणे ही जितकी पोलिसांची गरज आहे, तितकीच कैद्याचीही.

मग अडते कुठे?

पहिली अडचण माणूस ओळखण्याची. गुन्हा क्रमांक, ठाणे आणि वर्ष या तिघांवरून गुन्हा ओळखता येतो. पण एका माणसावर तीन ठाण्यांत तीन गुन्हे असतील, तर तो एकच आहे हे संगणकाला कसे कळणार? आडनाव जाधव, वडिलांचे नाव तेच, गाव तेच, अशी दोन माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या गावात सापडतील. त्यात एका ठिकाणी नाव मराठीत, दुसऱ्या ठिकाणी रोमन लिपीत आणि तेही वेगळ्या स्पेलिंगने. ही अडचण बोटांच्या ठशांनी सुटते. राज्यात त्यासाठी ‘ॲम्बिस’ आणि देशपातळीवर ‘नाफिस’ या प्रणाली आहेत. पण ठसे घेतले आणि योग्य गुन्ह्याशी जोडले, तरच.

दुसरी अडचण शोधणे आणि सूचना येणे यांतील फरकाची. माहिती संगणकात असणे म्हणजे ती ठाण्यात पोहोचणे नव्हे. अंमलदाराने नाव टाकून शोधले तर दिसेल, हा एक प्रकार. तुरुंगाचे दार उघडताच संबंधित ठाण्याच्या पडद्यावर आपोआप सूचना उमटेल, हा दुसरा. नाव शोधण्यासाठी आधी संशय यावा लागतो. सूचनेला संशयाची गरज नसते.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. अटकेची नोंद पोलीस स्वतः करतात, त्यामुळे ती लगेच होते. निर्दोष मुक्ततेची नोंद न्यायालयाकडून येऊन पोलिसांच्या खात्यात जुळावी लागते. हा दुवा निसटला, तर सुटून दहा वर्षे झालेला माणूसही पडद्यावर ‘आरोपी’ म्हणून शिल्लक राहतो.

रजेवरच्या कैद्यांचे काय?

रजेच्या प्रकरणांत पोलिसांना आधीच विचारले जाते. १९५९ च्या मुंबई (संचित व अभिवचन रजा) नियमांनुसार कैद्याच्या अर्जावर स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो. तो कुठे राहणार, जामीनदार कोण, गावात तणाव आहे का, हे ठाण्याने कळवायचे असते. रजेच्या काळात ठाण्यात हजेरीची अट घातली जाते. मुदतीत न परतल्यास गुन्हा दाखल होतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २२४ खाली होत असे. भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी कलम २६२ आहे.

या व्यवस्थेची कसोटी करोनाकाळात लागली. मे २०२० मध्ये राज्याने नियमांत बदल करून आकस्मिक अभिवचन रजा आणली. आधी ४५ दिवस आणि साथरोग कायद्याची अधिसूचना असेपर्यंत ३०-३० दिवसांची वाढ. परतीची तारीख सतत पुढे सरकत होती. कोणता कैदी कोणत्या तारखेला परतायचा आहे, हे कारागृह आणि ठाणे या दोघांच्याही नोंदीत एकाच वेळी बदलणे आवश्यक होते. अखेर २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, करोनाकाळात सोडलेल्या सर्वांनी १५ दिवसांत कारागृहात हजर व्हावे, असा आदेश दिला.

माहिती मिळाल्यावर पोलीस काय करू शकतात?

तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याने सुटकेनंतर आपला पत्ता आणि पत्त्यातील बदल कळवत राहावा, असा आदेश न्यायालय शिक्षा सुनावतानाच देऊ शकते. बीएनएसएसच्या कलम ३९४ मध्ये ही तरतूद असून, त्याची कमाल मुदत शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे आहे. कलम १२९ खाली सराईत गुन्हेगाराकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेता येते.

याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची कलमे ५५, ५६ आणि ५७ म्हणजे तडीपारी. तिची कमाल मुदत दोन वर्षे. साताऱ्यातून तडीपार झालेला तासाभरात सांगली जिल्ह्यात राहायला जाऊ शकतो. म्हणून असे आदेश अनेकदा शेजारच्या जिल्ह्यांनाही लागू केले जातात. अशा वेळी माहिती शेजारच्या ठाण्यांपर्यंत गेली नाही, तर आदेश कागदावरच राहतो.

मात्र माहिती असणे म्हणजे अमर्याद पाळतीचा परवाना नव्हे. संशयितांच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन तपासणी करण्याचा उत्तर प्रदेशातील नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच खरक सिंह प्रकरणात रद्द केला. ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस प्रकरणात न्यायालयाने, जामिनावरील आरोपीने गुगल मॅपवरील आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दाखवत राहावे, ही अटही रद्द केली. केंद्राच्या मे २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात, रजेवर जाणाऱ्या कैद्याच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवण्याची कल्पना आहे. पण रजेवरचा माणूस कैदी असतो, जामिनावरचा नसतो. दोघांना एकच मोजमाप लावता येणार नाही.

चुकीच्या नोंदीचा फटका कोणाला?

महाराष्ट्रात या प्रश्नाला इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. नोंदणी, हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडण्यास बंदी हे सगळे त्यात होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे, ही सवय कायद्याबरोबर संपली नाही, अशी तक्रार भटक्या-विमुक्तांच्या चळवळीतील कार्यकर्ते आजही करतात.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात, मागास आणि वंचित समूहांतील निरपराध व्यक्तींच्या हिस्ट्रीशीट यांत्रिकपणे उघडल्या जातात, याची दखल घेतली. हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे आणि त्यात अल्पवयीन नातेवाइकांची माहिती असू नये, असेही स्पष्ट झाले. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात तुरुंग नियमावल्यांमधील जातिभेदाच्या तरतुदी रद्द झाल्या आणि विमुक्त जमातींना मनमानीपणे अटक होणार नाही याची काळजी घेण्यास पोलिसांना सांगण्यात आले.

कागदाची वही एका ठाण्यात राहायची. संगणकातली नोंद देशभर दिसते आणि दीर्घकाळ टिकते. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार बोटांचे ठसे, छायाचित्रे, डोळ्यांच्या बुबुळांचे ठसे अशी मोजमापे ७५ वर्षे जपता येतात. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटली आणि अपिलाचे मार्ग संपले, तर न्यायालयाचा वेगळा आदेश नसल्यास ती पुसायची आहेत. अटकेची नोंद जेवढ्या वेगाने देशभर जाते, तेवढ्याच वेगाने निर्दोषत्वाची नोंद गेली, तरच ही तरतूद खरी ठरते.

पीडितांना कोण सांगते?

इथे व्यवस्था सर्वांत कमकुवत आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ अ नुसार जामिनासह प्रत्येक सुनावणीची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे. अल्पवयीन मुलींवरील बलात्काराच्या गुन्ह्यांत जामिनाच्या सुनावणीवेळी फिर्यादी किंवा तिने नेमलेली व्यक्ती हजर असणे बीएनएसएसच्या कलम ४८३ ने बंधनकारक केले आहे. तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडिताला कळवण्याची तरतूदही नव्या संहितेत आली. पण शिक्षा भोगून किंवा सूट मिळून गुन्हेगार बाहेर येणार असेल, तर प्रत्येक पीडिताला ते आधी कळवावे, अशी सरसकट सक्ती कायद्यात नाही.

बिल्किस बानो प्रकरण याचे ठळक उदाहरण. मुंबईत खटला चाललेल्या या प्रकरणातील ११ दोषींना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ही सूट रद्द केली. सुटकेची कोणतीही पूर्वकल्पना नव्हती, असे बिल्किस यांचे म्हणणे होते.

अमेरिकेत हा धडा एका मृत्यूतून शिकला गेला. डिसेंबर १९९३ मध्ये केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे मेरी बायरन या तरुणीचा तिच्या २१ व्या वाढदिवशी खून झाला. तिच्यावर अत्याचार केल्याच्या आरोपाखाली तुरुंगात असलेला तिचा पूर्वीचा मित्र जामिनावर सुटला होता आणि हे तिला कोणी कळवलेच नव्हते. त्यातून पुढच्याच वर्षी ‘व्हाइन’ ही यंत्रणा सुरू झाली. पीडिताने नाव नोंदवले की आरोपीच्या सुटकेची सूचना तिला आपोआप मिळते.

भारताने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी सप्टेंबर २०१८ मध्ये तयार केली. सुरुवातीलाच तिच्यात ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ती फक्त तपास यंत्रणांनाच पाहता येते. जमावाने कायदा हातात घेऊ नये यासाठी ती सर्वांना खुली नसणे समजण्यासारखे आहे. पण सगळ्या गावाला सांगणे आणि एका पीडितेला सांगणे यांत फरक आहे.

सुटल्यानंतर पुढे काय?

या दोन जिल्ह्यांना जोडणारे एक उत्तर आठ दशकांहून अधिक काळापूर्वीच दिले गेले होते. औंध संस्थानचा मुलूख आजच्या सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेला होता. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली वसाहत उभी केली. कैद्यांनी कुटुंबासह राहायचे, शेती करायची आणि पळून जायचे नाही. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच तालुक्यातले. ही खुली वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे.

स्वतंत्रपूरचा मार्ग प्रत्येक कैद्याला लागू पडणारा नाही. टोळीचा म्होरक्या आणि बांधावरच्या भांडणात हातून खून झालेला शेतकरी यांना एकाच पद्धतीने हाताळता येत नाही. पण सुटलेल्या माणसाच्या दारात महिन्याला पोलीस उभा राहिला आणि त्यामुळे त्याचे काम सुटले, तर गुन्हा रोखायला निघालेली व्यवस्था त्याला पुन्हा जुन्या वाटेवर ढकलते.

त्यामुळे नवे जाळे चांगले की वाईट हे त्याच्या वेगावरून ठरणार नाही. सुटकेचे कारण आणि अटी सूचनेसोबत ठाण्यात पोहोचतात का, निर्दोष सुटलेल्याला आपली नोंद पाहून दुरुस्त करून घेता येते का आणि पीडितेला सुटकेची तारीख आधी कळते का, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर माहितीची देवाणघेवाण सुरक्षितता वाढवेल. सध्या भर मुख्यतः पोलिसांना कळण्यावर आहे. साक्ष देणारी बाई आणि निर्दोष सुटलेला माणूस हे दोघेही अजून त्या पडद्याच्या बाहेर आहेत.

पीडित आणि साक्षीदार काय करू शकतात?

• खटल्याचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक जपून ठेवावा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर त्यावरून पुढची तारीख आणि आदेश पाहता येतात.

• धोका वाटत असल्यास साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ नुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

• मोफत कायदेशीर मदतीसाठी सातारा किंवा सांगली जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, अथवा १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक.

• तातडीच्या प्रसंगी ११२.